कृपया तळहात ठेवा

सोमवारी सकाळी नाशिकच्या कार्यालयात दिलवर पावराच्या समोरचा पडदा सगळा हिरवा होता. सातपुड्यातल्या झाडून साऱ्या आरोग्य केंद्रांची नावं, प्रत्येक नावाखाली तिथले लॅपटॉप, आणि प्रत्येक लॅपटॉपपुढे काम पुरं झाल्याची हिरवी खूण. त्याच्या टीमने शनिवारी लावून दिलेलं काम रविवारभर आपोआप चाललं होतं. डोंगरातल्या नर्सबाईंनी नवा लॅपटॉप खोक्यातून काढायचा, वायर जोडायची, बटण दाबायचं आणि आपल्या कामाला निघून जायचं. बाकीचं नाशिकचा सर्व्हर बघणार. नवी ऑपरेटिंग सिस्टम चढवणार, मधे दोनतीनदा मशीन बंद-चालू करणार आणि शेवटी हिरवी खूण लावणार.

दिलवरने चहा सांगितला. चहा यायच्या आत फोन आला.

"दिलवर, मी कौसल्या सिस्टर. मोहफाट्याहून."

नाव सांगितलं नसतं तरी त्याने आवाज ओळखला असता. "बोला सिस्टर."

"तडव्यांची सेवंती आलीय. पोरीला पहाटेपासून झटका आहे. पाठ, मांड्या, सगळं धरलंय. मी कुपीला जादा डोस सोडायला सांगतेय आणि तुझा हा नवा लॅपटॉप म्हणतो, सही करता येत नाही."

"एकदा बंद करून चालू—"

"दोनदा केला."

दिलवरचा हात आपसूक स्वतःच्या खांद्याखाली गेला. तिथे कातडीच्या आत रुपयाएवढा एक उंचवटा होता. कुपी त्याच्याही अंगात होती.

सातपुड्यात सिकलसेल म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आईबापांकडून रक्तात उतरणारा आजार तो. थंडी लागली, पाणी कमी पडलं, शरीर थकलं की रक्तातल्या गोल, मऊ तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांमध्ये एकमेकींत अडकून बसतात आणि मागून येणाऱ्या रक्ताची वाट अडवतात. मग जे दुखतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. हाडाच्या आत कुणी जाळ केल्यासारखं. दिलवर लहान असताना यावर सलाईन, गोळ्या आणि कळ सोसणं एवढेच उपाय होते. कुपी आली आणि दिवस पालटले. कातडीखाली बसवलेली ही इवलीशी टाकी रोज थेंबभर औषध रक्तात सोडते आणि पेशींना वाकू देत नाही. त्यातूनही झटका आलाच, तर केंद्रातल्या नर्सच्या लॅपटॉपवरून हुकूम जातो, कुपी जास्तीचं औषध सोडते आणि थोड्या वेळात माणूस उठून बसतो.

हुकूम नर्सचाच आहे हे कुपी ओळखते ते त्यावरच्या सांकेतिक सहीवरून. प्रत्येक कुपी आपल्या केंद्राचीच सही मानते, दुसऱ्या कुणाची नाही. ही सही म्हणजे मुळात एक अवाढव्य गणित. ते उलटं सोडवून खोटी सही करायला जुन्या संगणकांना कित्येक जन्म पुरले नसते. पुढे क्वांटम संगणक आले आणि त्यांनी ते गणित जेवणाच्या सुट्टीच्या आत सोडवून दाखवलं. गेल्याच वर्षी समुद्रापलीकडच्या एका शहरात कुणीतरी हजारो मधुमेह्यांच्या अंगातले इन्शुलिनचे पंप एका सकाळी ताब्यात घेतले होते. त्यांतली सगळी माणसं वाचली नाहीत. म्हणून इथे कुपीचं कुलूपच बदलायचं ठरलं. क्वांटम संगणकालाही उलगडणार नाही असं नवं गणित आलं, आणि त्याची किल्ली सांभाळायला प्रत्येक लॅपटॉपात नखाएवढी नवी सुरक्षा-चिप आली. किल्ली त्या चिपच्या पोटातच जन्माला येते आणि तिथून कधीही बाहेर पडत नाही. सोमवार उजाडला तेव्हा डोंगरातल्या सगळ्या कुप्यांनी जुनी सही विसरून नवी मानायला सुरुवात केली होती.

आणि मोहफाट्याला नवी सही करणारी चिप जागीच झालेली नव्हती.

"मी इथून बघतो, सिस्टर. तोवर तुम्ही—"

"तोवर काय करायचं ते मला माहीत आहे. तू तुझं बघ." फोन ठेवला गेला.

दिलवरने मोहफाट्याच्या लॅपटॉपची नोंद उघडली. ऑपरेटिंग सिस्टम, पूर्ण. ड्रायव्हर, पूर्ण. चिप चालू करणे, अयशस्वी, पुढे जा. तो त्या दोन शब्दांकडे बघतच राहिला. पुढे जा. ज्या तयार साच्यावरून हे सगळं काम बेतलं होतं, त्यातच कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ही पायरी चुकली तरी थांबू नका. म्हणून शेवटची खूण हिरवी. टीममधल्या कुणीच ती ओळ वाचली नव्हती, त्यानेही नाही.

त्याने नाशिकहून ती पायरी पुन्हा चालवली. अयशस्वी. लॅपटॉपच्या मूळ सेटिंगचा पासवर्ड चुकला असेल म्हणून तपासला, तो बरोबर होता. चिपची आवृत्ती जुनी असेल म्हणून पाहिली, ती नवी होती. परत चालवली. अयशस्वी. याच बनावटीचे लॅपटॉप बाकी केंद्रांमध्ये बिनतक्रार जागे झाले होते, मग इथेच काय झालं? तो आणखी एकदा हुकूम पाठवून मोकळा झाला आणि या वेळी वेगळंच उत्तर आलं. चिप कुलूपबंद.

दिलवरने कळफलकावरून हात उचलले.

ही चिप चोराला ओळखायला शिकवलेली असते. कुणी चुकीच्या रीतीने वारंवार दार वाजवू लागलं की ती दार लावून घेते. पुन्हा वाजवलं की लावून घेण्याचा वेळ दुप्पट करते. रविवारभर सर्व्हर दार वाजवत होता आणि आज सकाळपासून त्यात दिलवरने भर घातली होती. सेवंतीच्या औषधावरचं कुलूप तो घाईघाईने मदत करता करता घट्ट करत चालला होता.

त्याने मोहफाट्याला फोन लावला. "सिस्टर, काल लॅपटॉप कुठे ठेवले होते?"

"त्या नव्या चार्जिंगच्या कपाटात. तुम्हीच पाठवलंत ना? झाकणं मिटायची, खणात सरकवायचे, बटण दाबायचं. मी दाबलं आणि पाड्यावर लसी द्यायला गेले."

मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चिप बनवणाऱ्यांनी तिला एक अट घातली होती. पहिल्यांदा जागं व्हायचं ते जवळ जिवंत माणूस असेल तरच. त्यासाठी लॅपटॉपवर कळांच्या शेजारी एक गुळगुळीत पट्टी असते. चिप जागी करण्यासाठी मशीन बंद-चालू होताना पडद्यावर ओळ येते, "कृपया तळहात ठेवा." पट्टी हाताची ऊब आणि नाडी बघते आणि मग चिप डोळे उघडते. दूर कुठेतरी बसलेला चोर तारेवरून वाटेल तो हुकूम पाठवू शकतो, तळहात पाठवू शकत नाही. बाकीच्या केंद्रांमध्ये लॅपटॉप टेबलावर उघडे होते. येता-जाता कुणीतरी ती ओळ वाचली, हात टेकवला आणि विसरून गेलं. मोहफाट्याला ती ओळ मिटल्या झाकणाच्या आत, कपाटाच्या अंधारात उजळली आणि विझली. पुन्हा उजळली, पुन्हा विझली. आणि आज सकाळी दिलवर दार वाजवत होता तेव्हा सिस्टर पोरीपाशी होती.

निमकर मॅडम या कामाच्या प्रमुख होत्या. त्यांनी सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं आणि दिलवरच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"आपत्कालीन किल्ली आहे आपल्याकडे," त्या म्हणाल्या. "अर्धी माझ्याकडे, अर्धी तुझ्याकडे. तासाभरासाठी केंद्राच्या सहीची अट काढून टाकू. कुप्या थेट नाशिकचा हुकूम मानतील. त्या मुलीला डोस देऊ आणि अट परत लावू."

"सगळ्याच कुप्या?"

"एकटं मोहफाटा वेगळं काढता येत नाही. तुला माहीत आहे."

"तेवढ्या तासात कुणी आत शिरलं तर?"

"शिरेलच असं नाही."

"मॅडम, कुलूप बदललं त्या दिवशीच लोक दार ढकलून बघतात."

निमकर मॅडमनी पडद्यावरच्या हिरव्या खुणांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी हुकूम सोडत नाही, दिलवर. तसा हुकूम सोडायचा धीर मला नाही आणि नको म्हणायचाही नाही. तिकडे पोरगी तळमळतेय."

त्याने फोन लावला. सिस्टरने उचलला, पण तिच्या आवाजाच्या आधी मागचं कण्हणं ऐकू आलं. ते कण्हणं दिलवरच्या ओळखीचं होतं. मूल रडण्यापलीकडे गेलं की असं कण्हतं. त्याने ते स्वतःच्या घशातून ऐकलं होतं.

त्याने सिस्टरला आपत्कालीन किल्लीचं सांगितलं तोच पलीकडे फोन कुणीतरी घेतला. "दिलवर ना तू? बारक्या पावऱ्याचा? मी मोगी, सेवंतीची आई. किल्ली तुझ्यापाशी आहे म्हणे. उघड ना रे भाऊ."

"मोगीवहिनी, मी ती उघडली तर डोंगरातल्या सगळ्या लेकरांच्या कुप्या उघड्या पडतील. कुणीही काहीही करू शकेल."

"मला एकच लेकरू आहे," मोगी म्हणाली.

सिस्टरने फोन परत घेतला. "तिच्याशी वाद घालू नकोस. मला एवढंच सांग, ते कुलूप आपणहून कधी उघडेल?"

"संध्याकाळी. पण तोवर लॅपटॉप सतत चालू राहिला पाहिजे. बंद पडला की चिपचं घड्याळ थांबतं. आणि त्याची नेटची वायर काढा, म्हणजे आमचा सर्व्हर पुन्हा दार वाजवणार नाही. कुठल्याही कळेला हात लावू नका. कपाटातले दुसरे दोनही असेच कुलूपबंद आहेत."

"काढली वायर. पुढे?"

"तिला खाली मोठ्या दवाखान्यात नेता येणार नाही?"

"डॉक्टरांशी बोलले. ते म्हणतात ऑक्सिजन कमी आहे, एवढ्या घाटातून हादरे देत आणू नका, जागेवरच धरा."

"संध्याकाळपर्यंत धराल?"

पलीकडे पोरीचं कण्हणं ऐकू आलं. मग सिस्टर म्हणाली, "हे तू मला विचारतोस, दिल्या?"

त्याने फोन ठेवला आणि निमकर मॅडमकडे वळला. "माझी अर्धी किल्ली मी देत नाही." सेवंतीला काही झालं तर हे वाक्य आपल्याला जन्मभर ऐकू येईल, हे त्याला कळत होतं.

मॅडमनी मान डोलावली. "मग इथे बसून काय करणार आहेस?"

"वायर काढलीय. इथून मला काहीच करता येत नाही."

"मग जा. ऑफिसची गाडी घेऊन जा."

मालेगाव, धुळे, शहादा. विजेवरची गाडी हमरस्त्याने स्वतःच धावत होती आणि दिलवर अधूनमधून बाटलीतून पाणी पीत होता. सिकलसेलच्या माणसाला ही सवय लावून घ्यावीच लागते. शहादा मागे पडलं, समोर डोंगर निळे दिसू लागले आणि त्याला ती झोळी आठवली.

तेव्हा तो सेवंतीएवढाच असेल. बापाने आणि काकाने बांबूला झोळी बांधून त्याला डोंगरावरून मोहफाट्याला उतरवलं होतं. डॉक्टरची जागा रिकामी होती. होती ती एक नवीन नर्स, कौसल्या गावित, नवापूरकडची. तिने सलाईन लावलं, गरम पाण्याच्या पिशव्या केल्या आणि त्याचे पाय मांडीवर घेऊन बसली. बसली ती उठलीच नाही. तिने त्याला नवापूरच्या रेल्वे स्टेशनची गोष्ट सांगितली. तिथल्या फलाटाच्या मधोमध दोन राज्यांची हद्द जाते. एक बाक असा आहे की अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. "तू त्यावर बसलास ना, की तुझा एक पाय इकडे नि एक पाय तिकडे. मग सांग, कुठल्या राज्यात जास्त दुखतंय?" कळ हाडात भिनलेली असतानाही त्याला हसू आलं होतं. हसता हसता तो परत रडला आणि रडता रडता त्याने तिच्या मनगटाला चावा घेतला. तिने हात काढून घेतला नव्हता.

त्यानंतर शाळा, वसतिगृह, इंजिनिअरिंग, नोकरी. कुपी निघाली तेव्हा पहिल्या काही जणांत त्याचं नाव घालण्यासाठी हीच बाई तालुक्याला किती खेटे घालत होती, हे त्याला फार उशिरा कळलं. दिवाळीला तो फोन करायचा. तब्येत विचारायची, तब्येत सांगायची, ठेवायचा. आभार मानायचे असतात असं त्याच्या मनात यायचं, पण नेमके कशाकशाचे मानायचे हेच ठरायचं नाही आणि मग विषय राहून जायचा.

घाट सुरू झाला. इथून पुढे गाडी त्याला हाताने चालवावी लागत होती. एका वळणावर रेंज आली आणि फोन वाजला.

"वीज गेलीय," सिस्टर म्हणाली. "सोलरच्या बॅटरीवर मी फक्त लसींचा फ्रिज आणि ऑक्सिजनचं मशीन ठेवलंय. लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर आहे. ती आता किती—" आणि रेंज गेली.

दिलवरने वळणं घाई न करता घेतली. घाई सकाळी करून झाली होती.

तो पोचला तेव्हा ऊन कौलांवरून उतरायला लागलं होतं. चार खोल्यांचं केंद्र, पुढे अंगण. दारात मोगी बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. आत खाटेवर सेवंती कुशीवर मुडपून पडली होती, नाकाला ऑक्सिजनची नळी, ओठ फाटलेले. तिचे पाय सिस्टरच्या मांडीवर होते. सिस्टरचे केस आता पांढरे झाले होते, बसण्याची ढब मात्र तीच.

"आलास? बॅटरी बघ आधी."

बॅटरी काठाला आली होती. पडदा मंद होऊन लुकलुकत होता. दिलवर धावत बाहेर गेला, गाडी मागे घेत घेत खिडकीखाली लावली आणि गाडीतून वीज बाहेर देणाऱ्या खाचेत वायर खुपसून ती गजांमधून आत ओढली. लॅपटॉपवर चार्जिंगचा दिवा लागला. दिलवरने भिंतीला पाठ टेकली.

"गाडीवर माझं अख्खं केंद्र चालेल का रे?" सिस्टरने विचारलं.

"चालेल. पण मग मला परत नेणार कोण?"

सिस्टर हसली. मोगी हसली नाही.

मग वाट बघणं आलं. दिलवर खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसला. सेवंतीने डोळे किलकिले करून त्याच्याकडे बघितलं. त्याने सदऱ्याचं वरचं बटण काढून आपल्या कुपीचा उंचवटा तिला दाखवला. तिने बोट पुढे करून तो चाचपला, मग आपला चाचपला. पुढची कळ आली तशी तिने त्याचं बोट घट्ट धरलं आणि सोडलंच नाही.

अंगणात सावल्या लांबल्या तेव्हा पडद्यावरची सूचना बदलली. कुलूप निघालं होतं.

"आता नीट ऐका," दिलवर म्हणाला. "आपल्याला एकच संधी आहे. हे चुकलं तर चिप उद्यापर्यंत दार उघडणार नाही." त्याने पासवर्ड घालून लॅपटॉपची मूळ सेटिंग उघडली. आपोआप चालणाऱ्या कामात क्रम असा होता की हात लागला की नाही हे न बघताच चिपचा ताबा मागितला जायचा. त्याने तो मोडला. आधी चिप चालू करणे, मग मशीन पुन्हा सुरू होणे, मग हात, आणि हात ओळखल्यावरच ताबा. "आता हे बंद होऊन चालू होईल. ओळ आली की तुमचा उजवा तळहात इथे. उचलायचा नाही."

सिस्टरने पोरीचे पाय उशीवर ठेवले आणि पुढे आली. कळ दाबणार इतक्यात दिलवरने तिचा हात हातात घेऊन पाहिला. दिवसभर हंड्यातल्या पाण्याने धुऊन धुऊन तो बर्फासारखा गार पडला होता, बोटांच्या टोकांना सुरकुत्या आल्या होत्या.

"हा चालणार नाही, सिस्टर. पट्टीला ऊब लागते, नाडी लागते."

"मग गरम पिशवीला धरते."

"नुसत्या पिशवीने वरची कातडी तापेल. आत रक्त फिरायला हवं."

तेवढ्यात मोगी उठली. ती सिस्टरच्या पुढ्यात येऊन बसली, तिचा ओला हात आपल्या पदराने टिपला आणि दोन्ही तळव्यांत धरून चोळायला लागली. आधी बोटं, मग तळवा, मग मनगट. शेतातल्या कामाने तिचे हात खरबरीत झाले होते. ती खाली मान घालून चोळत होती, मधे तोंडाची वाफ घालत होती, परत चोळत होती. पोरीचं कण्हणं आणि ऑक्सिजनच्या मशीनची घरघर, एवढंच खोलीत ऐकू येत होतं. सिस्टरचा तळवा हळूहळू लालसर झाला.

"आता बघ," मोगी दिलवरला म्हणाली. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

त्याने कळ दाबली. पडदा काळा झाला. मग ओळ आली. कृपया तळहात ठेवा.

सिस्टरने हात ठेवला. पट्टीवर पांढरी रेघ सरकायला लागली. अर्ध्यावर थांबली. मोगीने सिस्टरचं मनगट धरलं होतं, ते तसंच धरून ठेवलं. रेघ पुन्हा हलली, टोकाला गेली आणि हिरवी झाली.

चिप जागी झाली.

त्यापुढचं सगळं साधं होतं. लॅपटॉप सुरू झाला, चिपने आपल्या पोटात किल्ली घडवली, दिलवरने नेटच्या डबीलाही गाडीची वीज देऊन वायर जोडली, केंद्राची नोंद झाली. सिस्टरने डॉक्टरांना फोन लावून मात्रा पुन्हा विचारून घेतली, सेवंतीचं नाव उघडलं, हुकूम लिहिला आणि नवी सही दिली. पोरीच्या खांद्याखाली बारीकशी थरथर झाली. कुपीने हुकूम मानला होता.

औषध रक्तात भिनायला थोडा वेळ लागतो. आधी सेवंतीची मूठ सैल झाली. मग गुडघे सरळ झाले. दिवे लागायच्या सुमाराला ती उताणी होऊन झोपली आणि मोगी तिथेच खाटेच्या पायाशी डोकं टेकून बसली.

दिलवरने बाहेर येऊन निमकर मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, "ती 'पुढे जा'ची ओळ मी काढायला लावलीय. पायरी चुकली तर काम तिथेच थांबेल आणि लाल दिसेल. आणि उद्यापासून प्रत्येक केंद्राला आधी फोन करायचा, माणूस समोर बसलंय का विचारायचं, मगच सुरू." जरा थांबून त्या पुढे म्हणाल्या, "दुपारी परक्या पत्त्यांवरून बरीच खटखट झाली आपल्याकडे. ती रोजचीच असते म्हणा. पण आज दार बंद होतं याचं मला बरं वाटलं. थँक्यू, दिलवर."

तो परत आला तेव्हा सिस्टर ओट्यावर बसली होती. चेहऱ्यावर दिवसभराचा शीण होता. तो शेजारी बसला.

"सिस्टर, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. पुष्कळ वर्षं झाली. मी लहान असताना तुम्ही जे केलंत, त्याचे—"

"आभार मानतोस की काय?"

"हो."

"मग माझंही ऐकून घे." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "त्या दिवशी तुला आणलं ना, तेव्हा मी घरी निघाले होते. कायमची. इथे वीज नाही, डॉक्टर नाही, लोकांची भाषा मला येईना. आठवड्यापूर्वी एक बाळंतीण माझ्या हातात गेली होती. मला वाटलं, आपल्याला हे जमत नाही. बॅग भरून दारात ठेवलेली, सकाळच्या जीपची वाट बघत होते. जीपच्या आधी तुझी झोळी आली."

दिलवर तिच्याकडे बघत राहिला.

"जीप येऊन गेली. तुला सोडून कशी जाणार? म्हटलं, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी तू उठून बसलास आणि मला म्हणालास, त्या स्टेशनवर गाडी थांबते तेव्हा तिकीट कुठल्या राज्याचं काढायचं. मी बॅग परत आत नेली." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला हे काम येतं, हे मला तुझ्यामुळे कळलं. तेव्हा आभार कुणी कुणाचे मानायचे ते तूच ठरव."

दिलवरचे डोळे भरून आले ते त्याने पुसलेही नाहीत. अंगणापलीकडे डोंगर काळे होत होते आणि खालच्या पाड्यावर कुठेतरी कोंबड्या खुराड्यात घालताना बाया एकमेकींना हाका मारत होत्या. दोघं तशीच बसून राहिली.

"उद्या कपाटातले बाकीचे दोन करायचे आहेत," शेवटी तो म्हणाला.

"करू की. तू राहतोस ना आज?"

"राहतो."

आतून मोगीने हाक मारली. हाक घाबरलेली वाटली म्हणून दोघं धावत आत गेली. सेवंती खाटेवर उठून बसली होती. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. तिने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं, जणू ही सगळी मोठी माणसं इथे काय करताहेत हेच तिला कळत नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "मला भूक लागलीय."